मुक्या जीवाला वैद्य कोठे मिळेल?

सोयाबीनची काढणी आटोपली, की खळ्याच्या कडेला सुटलेला बैल दाण्याच्या राशीत तोंड घालतो आणि रात्री त्याची डावी कूस ढोलासारखी फुगते. वाशीम जिल्ह्यातील शेतकऱ्यास हा प्रसंग अपरिचित नाही. अशा वेळी वैद्य किती चांगला याहून तो किती लवकर पोहोचतो, यावर जनावराचे प्राण अवलंबून असतात. म्हणून वैद्याचा शोध जनावर धडधाकट असतानाच घेऊन ठेवणे श्रेयस्कर होय.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांतील पशुपालकांचा पहिला आधार म्हणजे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. त्यांची श्रेणी-१ व श्रेणी-२ अशी विभागणी वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. पहिल्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी, तर दुसऱ्यात पशुधन पर्यवेक्षक काम पाहतो. आपले गाव कोणत्या दवाखान्याच्या कार्यक्षेत्रात येते, हे पुष्कळ ग्रामस्थांस ठाऊक नसते. ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहावयास खर्च तो किती? त्याच फलकावर १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही असावा. या क्रमांकावरून फिरत्या पशुवैद्यकीय पथकास पाचारण करता येते. आजार गुंतागुंतीचा असेल, तर सुमारे ८० किलोमीटरवरील अकोला येथे पशुवैद्यक व पशुविज्ञानाची स्नातकोत्तर संस्था आहे. परंतु अडलेली गाय तेथवर नेणे सर्वांस परवडणारे नाही, हेही मान्य केले पाहिजे.

खर्चाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. सरकारी दवाखान्यातील सेवाशुल्क नाममात्र असते. भार पडतो तो बाहेरून आणावयाच्या औषधांचा व वाहनाचा. तो टाळण्यासाठी काही जण गावात फिरणाऱ्या अनोंदणीकृत 'डॉक्टरां'कडे वळतात. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुरोगांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकास आहे. किरकोळ सेवा इतरांनी करावयाच्या त्या त्याच्या देखरेखीखाली. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? ताप-वेदनेवर सर्रास टोचले जाणारे डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून निषिद्ध आहे. अशी जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन देशातील गिधाडे जवळजवळ नामशेष झाली. त्याऐवजी मेलॉक्झिकॅम हे सुरक्षित औषध उपलब्ध आहे.

लाळखुरकत रोगाची लस राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत मोफत टोचली जाते. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाची साथ आली, तेव्हाही लसीकरण विनामूल्यच झाले. कानातील बारा अंकी बिल्ला मात्र 'जनावर विद्रूप होते' म्हणून कित्येक जण नाकारतात. विम्याचा दावा करताना हाच बिल्ला आणि पशुवैद्यकाचा दाखला मागितला जातो, हे त्यांस पुढे कळते. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ मध्ये लाभार्थ्याचा विमाहप्त्यातील वाटा १५ टक्क्यांवर आणण्यात आला. एका म्हशीची किंमत पाहता तो जड नाही.

राहता राहिला अंगणातील कुत्रा. त्याच्यासाठी दवाखान्यात जाण्याची आपल्याकडे रीत नाही. पिलू तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीज प्रतिबंधक लस आणि त्यानंतर दरवर्षी एक मात्रा, एवढाच त्याचा मुख्य खर्च. हा रोग एकदा प्रकट झाला, की माणूस बहुधा वाचत नाही. चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्वरित प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. हळद, तिखट वा चुना लावू नये. शिक्षकांनी हे विद्यार्थ्यांकडून पाठच करून घ्यावे, कारण मुले चाव्याची गोष्ट घरी लपवितात. चावा गाई-बैलास झाला असेल, तर त्यांनाही चाव्यानंतरची लस असते, आणि ती त्याच दिवशी सुरू करावयाची असते.

पंचायतींसाठी आणखी एक सूचना. जनावर बांधून तपासण्याचा खोडा गावात नसेल, तर आलेला पशुवैद्यकही हतबल ठरतो. चार भक्कम खांब आणि आडवे पाईप एवढ्यावर तो उभा राहतो.