पक्षी-वलयांकन आणि पनवेल परिसरातील हिवाळी पक्षी

पावसाळा सरून आश्विनाची चाहूल लागली, की कोकणातील वाड्या, परसबागा व खाडीकाठ ह्यांवर उत्तरेकडील पक्षी उतरू लागतात. पनवेलच्या आसपास धोबी, थिरथिरा, वटवट्या, तुतवार इत्यादी पक्षी उन्हाळ्याच्या प्रारंभापर्यंत आढळतात. त्यांची यादी करणे कठीण नाही. परंतु यंदा बागेत आलेला धोबी गतवर्षीचाच की दुसरा, ह्या प्रश्नाचे उत्तर यादी देऊ शकत नाही. एका पक्ष्याची स्वतंत्र ओळख पटल्यावाचून त्याचे आयुर्मान, स्थाननिष्ठा अथवा स्थलांतराचा मार्ग ह्यांविषयी निश्चयाने काही सांगता येत नाही. वलयांकनाचे, म्हणजे पक्ष्याच्या पायात खुणेचे कडे घालण्याचे, प्रयोजन हेच होय.

डेन्मार्कमधील शिक्षक हान्स मोर्टेन्सन यांनी १८९९ मध्ये मैनेच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांना क्रमांकित अ‍ॅल्युमिनियमची कडी घालून ह्या पद्धतीचा पाया घातला. भारतात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे कार्य १९२० च्या दशकात आरंभिले. तथापि त्यास खरा विस्तार लाभला तो १९५९ नंतर. म्हैसूर राज्यातील क्यासनूरच्या अरण्यात १९५७ मध्ये आढळलेल्या ज्वराचा विषाणू रशियातील तशाच एका रोगाच्या विषाणूशी संबद्ध होता. गोचिडांच्या द्वारे स्थलांतरी पक्ष्यांनी तो आणला असावा काय, ह्या शंकेमुळे जागतिक आरोग्य संघटनेने साहाय्य दिले आणि सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली व्यापक वलयांकन झाले. शंकेस निर्णायक पुरावा मिळाला नाही. परंतु भारतीय पक्ष्यांच्या स्थलांतराच्या ज्ञानात त्यामुळे मोलाची भर पडली.

पद्धती अशी : झुडपांच्या पार्श्वभूमीवर सहज न दिसणारे बारीक धाग्यांचे जाळे उभारतात व ते वारंवार तपासतात. पक्षी सोडवून त्याच्या पायाच्या जाडीस योग्य असे कडे घालतात; पंखाची लांबी, वजन व पिसांची अवस्था नोंदवून त्यास तत्काळ मुक्त करतात. रंगीत कडी वापरल्यास पुन्हा न पकडताही दुर्बिणीने ओळख पटते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हे काम परवानगीवाचून करता येत नाही, आणि प्रशिक्षणावाचून करू नये.

परसबागेतील निरीक्षणास ह्यामुळे निराळेच मूल्य येते. हिमालयात वीण करणारा करडा धोबी हिवाळ्यात वर्षानुवर्षे त्याच लहानशा बागेत परततो, असे आढळले आहे. म्हणजे पक्ष्याच्या दृष्टीने ती बाग केवळ विसाव्याची जागा नसून ठरलेले हिवाळी निवासस्थान असते.

संख्येचा अंदाजही ह्याच पद्धतीने करता येतो. समजा, एका वाडीत २० बुलबुलांना कडी घातली आणि काही दिवसांनी पकडलेल्या २० पक्ष्यांत कडी असलेले ४ निघाले. दुसऱ्या खेपेस एक-पंचमांश पक्षी खुणेचे असल्याने एकूण संख्या सुमारे १०० ठरते. मात्र येथे पक्ष्यांची ये-जा नाही, कडी गळत नाहीत व सर्व पक्षी सारख्याच सहजतेने सापडतात, अशी गृहीते आहेत. एकदा सापडलेला पक्षी जाळे टाळू लागला, तर अंदाज वास्तवाहून फुगतो. त्याचप्रमाणे कडीवाला पक्षी पुन्हा न दिसणे म्हणजे तो मेला असे नव्हे. तो अन्यत्र गेला असेल किंवा निरीक्षकाच्या दृष्टीस पडला नसेल.

पनवेल तालुक्यात ह्या विषयास आज विशेष निकड आहे. कर्नाळ्याच्या किल्ल्याभोवतीचे अरण्य १९६८ मध्ये पक्षी-अभयारण्य झाले. परंतु खाडीकाठ, पाणथळी आणि जुन्या वाड्या ह्यांस तसे संरक्षण नाही. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले असून भोवतालची वस्ती वाढत आहे. एक पाणथळ बुजली तर पक्षी दुसरीकडे जातील, असे सहज म्हटले जाते. स्थाननिष्ठ पक्ष्यांच्या बाबतीत हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे. ते दुसरीकडे जगतात की नाहीसे होतात, हे केवळ शिरगणतीने कळणार नाही. त्यासाठी एकाच जागी, एकाच पद्धतीने, अनेक हिवाळे चालविलेल्या नोंदी हव्यात. आणि जागा पालटण्यापूर्वीच्या नोंदी मागाहून तयार करता येत नाहीत.