फाईल आणि ग्रंथालय: विजय गोखल्यांचा चीन

दहशतवादाचा अभ्यास म्हणजे फक्त संघटना आणि म्होरके यांचा अभ्यास नव्हे. त्यांना कोणते देश पाठीशी घालतात, हेही कळावं लागतं. निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झालेले माजी परराष्ट्र सचिव विजय गोखले यांचं लेखन त्यासाठी वाचावं. 1981 साली परराष्ट्र सेवेत आलेले गोखले 1989 मध्ये, तिआनमेन चौकातल्या आंदोलनाच्या वेळी, बीजिंगच्या दूतावासात होते; पुढे तिथेच राजदूत झाले. 26 फेब्रुवारी 2019 रोजी पाकिस्तानातल्या बालाकोटवरील भारताच्या हवाई कारवाईची अधिकृत माहिती त्यांनीच दिली. 'द लाँग गेम' (2021) मध्ये त्यांनी भारत-चीन वाटाघाटींची सहा प्रकरणं तपासली आहेत. त्यांतलं एक 'जैश-ए-मोहम्मद'चा म्होरक्या मसूद अझहर याचं: चीनने वर्षानुवर्षं अडवलेलं त्याचं नाव 1 मे 2019 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत आलं.

सरकारी माणूस सरकारचीच बाजू मांडणार, हा आक्षेप रास्त आहे. पण याच पुस्तकात 1954 च्या तिबेट करारात सीमाप्रश्न न सोडवताच भारताने तिबेटमधले हक्क सोडल्याची टीकाही आहे. गोपनीय कागद वाचकाला तपासता येत नाहीत, ही मर्यादा उरतेच. म्हणून असं लेखन अंतिम निकाल न मानता जाणकाराची साक्ष म्हणून वाचावं आणि विद्यापीठीय संशोधनाशी ताडून पाहावं.