दुधाच्या दाढेची नस आणि वर ठेवायचे औषध

"दुधाचीच दाढ आहे, पडणारच आहे, कशाला पैसे घालवायचे?" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी बोलले जाते. पण दुधाची शेवटची दाढ दहा ते बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात राहायची असते. पाच वर्षांच्या मुलाची ही दाढ काढली, तर सहाव्या वर्षाच्या सुमारास मागून येणारी कायमची दाढ मोकळ्या जागेत पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची वाट अडते. म्हणून दाढ वाचण्यासारखी असेल तर वाचवावी, असे आम्ही आईवडिलांना आग्रहाने सांगतो.

आपण जिला 'नस' म्हणतो तो दाताच्या आतला जिवंत, रक्ताचा गाभा. कीड त्याच्या वरच्या भागालाच लागली असेल तर डॉक्टर तेवढाच भाग काढतात आणि मुळांतला भाग जिवंत ठेवतात. याला पल्पोटॉमी म्हणतात. उरलेल्या नसेवर काय ठेवायचे, हाच औषधांचा प्रश्न.

जुने औषध फॉर्मोक्रेसॉल. त्याने पिढ्यान्‌पिढ्या दाढा टिकवल्या. पण त्यात फॉर्मल्डिहाइड असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. दाढेत त्याचा थेंबभरच वापर होतो, हेही खरे. अमेरिकेच्या बालदंततज्ज्ञ संघटनेने 2017 च्या मार्गदर्शनात एमटीएबरोबर फॉर्मोक्रेसॉलचीही शिफारस केली होती. म्हणून ज्यांच्या मुलांना ते पूर्वी लावले गेले, त्यांनी घाबरून जाऊ नये. त्याच मार्गदर्शनात दुधाच्या दातांच्या पल्पोटॉमीसाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइड मात्र नको म्हटले आहे. त्याने दाताचे मूळ आतून झिजू लागते.

एमटीए हे 1990 च्या दशकात अमेरिकेत पुढे आलेले सिमेंट. बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटचेच हे शुद्ध केलेले भावंड! ओलाव्यात घट्ट होते, नसेला मारत नाही, उलट तिच्यावर कठीण थर तयार व्हायला मदत करते. दोष दोन: महाग आहे आणि दात काळसर पडू शकतो. स्टीलची कॅप बसणार असेल तर काळेपणाची चिंता करू नये. बायोडेंटिन त्याच जातीचे, पण एमटीएला घट्ट व्हायला काही तास लागतात तिथे हे बारा-पंधरा मिनिटांत होते. रडणाऱ्या मुलाला तोंड उघडे ठेवायला लावणाऱ्यांना याचे मोल कळेल.

स्वस्तातले फेरिक सल्फेट. काही सेकंद लावले की रक्त थांबते. इथे एक मेख आहे. वरची नस काढल्यावर नुसत्या ओल्या कापसाने दाबून चार-पाच मिनिटांत रक्त थांबले, तर मुळांतली नस चांगली आहे असे समजतात. गडद रक्त वाहतच राहिले तर सूज खाली उतरली आहे. फेरिक सल्फेट ते रक्तही थांबवते आणि खूण झाकून टाकते. म्हणून ते आधी कापसाने रक्त थांबल्यावरच लावावे. सडलेल्या नसेवर महागडे एमटीए घातले तरी दाढ वाचत नाही. औषधाच्या नावापेक्षा ही तपासणी आम्हांला महत्त्वाची वाटते.

नस मुळापर्यंत सडली असेल तर सगळी काढून मुळे भरावी लागतात. मोठ्यांच्या रूट कॅनलमध्ये वापरतात ते गट्टापर्चा इथे चालत नाही. दुधाचे मूळ विरघळते तसे भरणही विरघळले पाहिजे. म्हणून झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलातले युजेनॉल यांचा लेप, किंवा आयोडोफॉर्मची पेस्ट वापरतात.

पैसे मोजकेच असतील तर औषध साधे घ्या, पण स्टीलची कॅप टाळू नका. भरण गळून लाळ आत शिरली की कोणतेही औषध वाया जाते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. तिथे खर्च बराच कमी येतो. जाण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून ठेवा: एक्स-रे काढणार का, आणि कॅप त्याच दिवशी बसणार का?

कॅप बसल्यावर मूल दुखत नाही म्हणाले तरी सहा महिन्यांनी दाखवून आणा. हिरडीवर पुळी आली, तर त्याच आठवड्यात.