ओव्हरीच्या ऑपरेशननंतरची पाळी

अंडाशयातली गाठ काढून घरी आलेल्या बाईला तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्तस्राव सुरू झाला की घरातले हवालदिल होतात. पाळीची तारीख तर अजून दहा दिवसांवर होती, मग हे कुठून आलं? दुसऱ्या एखादीचं नेमकं उलट होतं. तारीख उलटून दहा-बारा दिवस झाले तरी पाळीचा पत्ता नसतो, आणि भेटायला येणाऱ्या बायका सांगून जातात, "ओव्हरीला हात लावला ना, आता असंच चालायचं." दोघींचंही बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. शस्त्रक्रिया पाळीच्या कितव्या दिवशी झाली एवढं पाहिलं की या पहिल्या पाळीचा बराचसा उलगडा होतो.

रक्त गर्भाशयातून येतं, पण कधी यायचं ते ठरतं अंडाशयात. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच नावाचं संप्रेरक सोडते. त्याने अंडाशयातल्या काही पुटिका, म्हणजे स्त्रीबीज असलेल्या बारीक पिशव्या, वाढू लागतात आणि त्यांतली एक बाकीच्यांना मागे टाकते. तिच्यातल्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. स्त्रीबीज बाहेर पडलं की त्याच पुटिकेचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन बनवून ते अस्तर धरून ठेवतो. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड साधारण चौदा दिवसांत सुकतो, आधार जातो, अस्तर गळतं. हीच पाळी.

आता समजा, विसाव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि गाठीबरोबर पीतपिंडही गेला. कधी कधी पीतपिंडातच रक्त साठून तो फुटलेला असतो आणि त्यासाठीच तातडीने ऑपरेशन करावं लागतं. प्रोजेस्टेरॉन एकदम थांबतं आणि दोन ते चार दिवसांत अस्तर गळू लागतं. ही पाळीच, फक्त लवकर आलेली. पुढचे दिवस इथूनच मोजायचे.

बाराव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि त्या महिन्याची पुढे गेलेली पुटिका निघून गेली, तर अंडाशयाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. नवी पुटिका तयार व्हायला सुमारे दोन आठवडे, त्यानंतर पीतपिंडाचे दोन आठवडे. म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी येणारी पाळी चाळिसाव्याच्या आसपास येते. वाढती पुटिका दुसऱ्या बाजूच्या, हात न लावलेल्या अंडाशयात असेल, तर पाळी ठरल्या दिवशीही येऊ शकते. आजारपणाचा आणि काळजीचा ताण मेंदूकडून येणारे संकेत मंदावतो, त्याने आणखी थोडा उशीर होतो तो वेगळाच.

मात्र दिसलेलं प्रत्येक रक्त पाळीचं नसतं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गर्भाशय हलवता यावं म्हणून योनिमार्गातून एक उपकरण घालतात, त्यामुळे दोन-चार दिवस डाग दिसतात. काही जणींना डॉक्टरांनी मुद्दाम पाळी थांबवणारी औषधं दिलेली असतात. डायनोजेस्टच्या गोळ्या किंवा महिन्याचं, तीन महिन्यांचं इंजेक्शन चालू असेल, तर पाळी न येणं हा औषधाचा गुण आहे. म्हणून घाबरण्याआधी डिस्चार्ज कार्ड वाचावं. आणि गर्भ राहण्याची शक्यता असेल तर चाचणी करावी. पहिल्या आठ-दहा आठवड्यांच्या गरोदरपणात पीतपिंड काढावा लागलाच, तर वार स्वतःचं काम सुरू करेपर्यंत बाहेरून प्रोजेस्टेरॉन द्यावं लागतं.

तासाला एक पॅड भिजत असेल, ताप असेल, स्रावाला दुर्गंधी असेल किंवा पोटातलं दुखणं कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर वरचा हिशेब बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा.

पहिल्या दोन-तीन पाळ्यांनंतरचा प्रश्न वेगळा: किती निरोगी भाग शिल्लक राहिला? गाठीला पीळ बसून एक अंडाशय पूर्ण काढावं लागलं, की "आता पाळी महिन्याआड येणार का?" असं हमखास विचारलं जातं. नाही. दोन्ही अंडाशयं काही पाळीपाळीने कामावर येत नाहीत. एक गेलं की पीयूषिकेकडून एफएसएच थोडं जास्त सुटतं आणि उरलेलं अंडाशय दर महिन्याला बीज सोडू लागतं. पाळी नियमित राहते, मूलही होऊ शकतं. रजोनिवृत्ती सरासरी वर्षभर लवकर येते, एवढाच काय तो फरक.

चॉकलेट सिस्टचं प्रकरण अधिक नाजूक. एंडोमेट्रिऑसिसच्या या गाठीचं आवरण अंडाशयाला चिकटलेलं असतं. ते सोलताना, आणि रक्त थांबवण्यासाठी डाग देताना, शेजारच्या निरोगी पुटिकाही जातात. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख असणाऱ्या या पुटिका वयात येईपर्यंत तीन-चार लाखांवर येतात आणि नव्याने तयार होत नाहीत. तरीही पाळी बहुधा ठरल्या वेळी येत राहते, कारण तिला महिन्याला एकच पुटिका पुरते. दरमहा पगार हातात पडतो म्हणून बँकेतली शिल्लक कळत नाही, तसंच हे. ती शिल्लक एएमएच या संप्रेरकाच्या रक्ततपासणीने अजमावतात. शस्त्रक्रियेनंतर हा आकडा लगेच खाली जातो आणि पुढे काहींचा थोडा वर चढतो, त्यामुळे ती तपासणी तीन ते सहा महिन्यांनी केलेली बरी. मूल हवं असेल तर ती ऑपरेशनच्या आधीही करून घ्यावी. दोन्ही बाजूंना गाठी असताना हे विशेष महत्त्वाचं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं.

अंडाशयाचा भाग काढल्याने पाळी सुरू झाल्याचीही उदाहरणं आहेत. १९३५मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी पाळी बंद असलेल्या सात स्त्रियांची हकीकत छापली. त्यांच्या मोठ्या झालेल्या अंडाशयांचा पाचरीसारखा तुकडा काढल्यावर त्यांची पाळी परतली. आज आपण ज्याला पीसीओएस म्हणतो त्याचं हे सुरुवातीचं वर्णन. हल्ली तुकडा न काढता दुर्बिणीतून मोजकी छिद्रं पाडतात आणि तेही गोळ्यांचा उपयोग झाला नाही तर. पुरुषी संप्रेरकं कमी होतात आणि बऱ्याच जणींची पाळी काही आठवड्यांत सुरू होते. छिद्रं जास्त पाडली तर निरोगी पुटिका जातात, म्हणून इथे हात आखडता हवा.

सलग तीन महिने पाळी आली नाही, अंगातून वाफा निघू लागल्या, रात्री घामाने जाग येऊ लागली, तर एफएसएच आणि इस्ट्रोजेन तपासून घ्यावं. दोन्ही अंडाशयं काढली असतील तर हा त्रास काही दिवसांतच सुरू होतो. आपल्याकडे गोंधळ असा की "पिशवी काढली" एवढंच बाईला सांगितलेलं असतं. नुसती पिशवी, म्हणजे गर्भाशय, गेली तर पाळी जाते, पण अंडाशयांचं काम चालू राहतं. दोन्ही अंडाशयं गेली आणि वय चाळिशीच्या आत असेल, तर हाडं आणि हृदय यांच्यासाठी साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन बाहेरून द्यावं असा सल्ला दिला जातो. स्तनांचा किंवा संप्रेरकांवर वाढणारा कर्करोग असेल तर गोष्ट वेगळी. गर्भाशय जागेवर असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉनही लागतं. ते महिन्यातले ठरावीक दिवस घेतलं, तर अंडाशयं नसतानाही दर महिन्याला रक्तस्राव होतो, आणि तो अगदी पाळीसारखाच दिसतो.