लहान शेत आणि राष्ट्राची अर्थव्यवस्था

शेत लहान म्हणून त्याचे राष्ट्रीय महत्त्वही लहान, असे समजणे युक्त नव्हे. सन २०१५-१६ च्या कृषिगणनेत भारतातील एकूण शेतधारणांपैकी सुमारे ८६ टक्के धारणा दोन हेक्टरांहून लहान होत्या. त्यांच्याकडे एकूण क्षेत्राचा सुमारे ४७ टक्के भाग होता. १९७०-७१ मध्ये सरासरी धारणा २.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.०८ हेक्टर भरली. वारसांमधील वाटणी हे या घटीचे एक प्रमुख कारण होय.

लहान शेतात एकरी उत्पन्न पुष्कळदा अधिक येते, असे १९५० नंतरच्या दशकातील पाहण्यांत आढळले. अमर्त्य सेन यांनी १९६२ मध्ये त्याची मीमांसा केली. मोठा शेतमालक मजूर लावताना मजुरीइतके तरी उत्पन्न वाढेल काय, हे पाहतो. वाढणार नसेल तर काम थांबवितो. लहान शेतकऱ्याच्या घरी राबणाऱ्यांना मजुरी द्यावयाची नसते. बाहेर काम मिळत नसेल, तर रिकामे बसण्यापेक्षा आणखी एक खुरपणी केलेली बरी, असा त्यांचा हिशेब असतो. जमिनीचा कस व पाणी यांतील भेदही या फरकास काही अंशी कारण असतो, असे पुढील अभ्यासकांनी दाखविले. हरितक्रांतीनंतर बी-बियाणे व खते यांवरील रोख खर्च वाढला, तेव्हा अनेक भागांत हा फरक कमी झाला.

तथापि एकरी उत्पन्न अधिक म्हणजे कुटुंब संपन्न, असे होत नाही. उत्पन्न थोडे आणि खाणारी तोंडे अनेक असतात. शिवाय देणे फेडण्यासाठी माल सुगीतच, भाव उतरलेले असताना, विकावा लागतो.

या दुर्बलतेवर सहकार हा एक उपाय आहे. गुजरातेतील खेडा जिल्ह्यात १९४६ मध्ये दूध उत्पादकांचा संघ स्थापन झाला. एक-दोन म्हशींचे दूध गावातील संस्थेत मोजून, स्निग्धांश तपासून त्यानुसार पैसे देण्याची पद्धत तेथे रूढ झाली. दूध एकत्र झाल्याने यंत्रे व वाहतूक यांचा खर्च विभागला गेला. १९७० पासून ही पद्धत देशभर नेण्यात आली.

सारांश, लहान शेत राष्ट्राला अन्न व हातांना काम देते. परंतु त्यावर राबणाऱ्यांचे पोट भरावयाचे, तर पाणी, पतपुरवठा, संघटित विक्री आणि शेतीबाहेरील रोजगार यांची जोड अवश्य आहे.