आधी उंची मोजा, मग तिकीट काढा

सुट्टीत कुठे जायचे, या प्रश्नाला आमच्या भातकुलीत वर्षानुवर्षे एकच उत्तर होते : मामाच्या गावी. फार तर चिखलदऱ्याला एक फेरी, शेगावला दर्शन आणि पौषात ऋणमोचनची यात्रा. आता मात्र चौथीतले पोरही मोबाईलवर कुठल्या तरी उंच पाळण्याची चित्रफीत पुढे धरते आणि विचारते, 'बाबा, आपण इथं कधी जाऊन राह्यलो?' एकाने विचारले की चुलत-मावस सगळीच भावंडे विचारू लागतात. मग घरात बैठक बसते, आजीपासून धाकट्यापर्यंत प्रत्येकाचे मत पडते आणि शेवटी कोणाला तरी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडावा लागतो. आमच्या घरात तो 'कोणी तरी' म्हणजे मी. आई, आम्ही दोघे भाऊ, दोघांच्या बायका आणि चार मुले, अशा नऊ जणांना घेऊन मी दोन-तीन वेळा करमणूक उद्यानांच्या वाऱ्या केल्या आहेत. त्यातून जे कळले ते सांगतो. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट अशी की, हा प्रकार आपल्याला वाटतो तितका परका नाही. आकाशपाळणा आपण यात्रेत पाहिलेलाच आहे. चांदूर बाजार तालुक्यातली बहिरमची यात्रा तर महिनाभर चालते आणि रोडगे, हंडीतली भाजी आणि पाळणे यांसाठी माणसे लांबलांबून येतात. ज्या १८९३ साली स्वामी विवेकानंद शिकागोला सर्वधर्मपरिषदेत बोलले, त्याच वर्षी त्याच शहरातल्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस नावाच्या अभियंत्याने २६४ फूट उंचीचा लोखंडी पाळणा उभा केला होता. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसे मावत. पुढे १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले आणि पाळणे, गोष्टी, पात्रे, खाणेपिणे हे सारे एका कुंपणाआड आले. आपल्याकडे दिल्लीचे अप्पूघर १९८४ साली आले, मुंबईजवळ गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली, हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी १९९६ साली आणि खोपोली-पाली रस्त्यावरचे इमॅजिका २०१३ साली.

यात्रा आणि उद्यान यांत एक मोठा फरक मात्र आहे, आणि सारे नियोजन त्या फरकाभोवती फिरते. यात्रेत शिरायला पैसे पडत नाहीत. ज्या पाळण्यात बसाल त्याचे द्या. उद्यानात पैसे दारातच द्यायचे, मग दहा पाळण्यांत बसा किंवा एकातही बसू नका. म्हणून 'आपण किती जण जाणार' या प्रश्नाच्या आधी 'आपल्यापैकी किती जण खरोखर बसणार' हा प्रश्न विचारायला हवा. आमच्या आईने पहिल्याच बैठकीत निकाल दिला होता. मी तिला वेगाने खाली येणाऱ्या गाडीचे चित्र दाखवले. तिने ते निरखून पाहिले आणि म्हणाली, 'पैसे देऊन भेव कायले इकत घ्याचं रे?' हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याला भीती विकत घ्यायची नाही त्याच्यासाठी तिथे काय आहे, हे आधी पाहावे. संथ होडी, छोटी आगगाडी, बसून पाहायचे खेळ, सावलीची जागा, चाकाची खुर्ची यांची चौकशी फोन करून करता येते. ज्येष्ठांना तिकिटात सवलत आहे का, तेही विचारावे.

मुलांच्या बाबतीत सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे उंची. या उद्यानांत मुलाचे वय फारसे कोणी विचारत नाही, उंची पाहतात. लहानग्यांना मोफत प्रवेश, मुलांचे तिकीट, मोठ्यांचे तिकीट हे बहुतेक ठिकाणी उंचीवर ठरते आणि कोणत्या पाळण्यात बसता येईल, तेही उंचीवरच. कारण सरळ आहे. खांद्यावरून येणारा दांडा आणि कमरेचा पट्टा ठराविक बांध्याच्या शरीरासाठी केलेला असतो. मूल लहान असेल तर ते त्यातून निसटू शकते. एकदा आमच्यापुढे रांगेत एक कुटुंब होते. तासाभराने त्यांची पाळी आली आणि सात-आठ वर्षांचा मुलगा खुणेच्या खांबापेक्षा दोन बोटे कमी भरला. वडील गयावया करू लागले, 'फार लांबून आलो हो, एवढ्या वेळी बसू द्या.' तिथला मुलगा नम्रपणे, पण ठामपणे 'नाही' म्हणाला आणि त्याचे बरोबरच होते. त्या पोराचा चेहरा मात्र अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. तेव्हा निघण्यापूर्वी घरीच मुलांना दाराच्या चौकटीला टेकवून, चपला काढून उंची मोजा. उद्यानाच्या माहितीपत्रकात किंवा संकेतस्थळावर प्रत्येक पाळण्याची अट दिलेली असते. कोणाला कशात बसता येणार नाही, हे मुलांना गावातच सांगा. घरी ऐकलेला नकार मूल संध्याकाळपर्यंत विसरते. रांगेच्या टोकाशी मिळालेला नकार विसरत नाही.

आता केव्हा जायचे? शहरातल्या लेखांत 'सुट्टीचे दिवस टाळा' एवढे सांगून मोकळे होतात. वऱ्हाडात हा प्रश्न इतका सोपा नाही. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, उरलेल्या महाराष्ट्रातल्या साधारण पंधरा दिवस आधी. त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात तिकडची मुले शाळेत आणि आपली मोकळी, अशी एक फट सापडते. नोकरदारांनी तिचा लाभ जरूर घ्यावा. मात्र तोवर कोकणपट्टीत पाऊस लागलेला असतो आणि विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे पाळणे थांबवतात. शेतकऱ्याला तर मृग लागल्यावर पेरणी सोडून हलता येत नाही. सोयाबीन निघते तोवर कापसाची वेचणी सुरू होते. हिवाळ्यात हवा छान असते, पण त्याच दिवसांत शाळांच्या सहली बसगाड्या भरभरून तिथे येतात. आमच्या अनुभवाने शेतकरी कुटुंबाला बरा काळ म्हणजे हरभरा घरात आल्यावर, मुलांच्या परीक्षा संपल्याबरोबर, लग्नांच्या तिथी पाहून, एप्रिलच्या शेवटी एखादा मंगळवार किंवा बुधवार. ऊन असते, पण ऊन आपल्याला नवे नाही. टोपी, मीठ-साखरेचे पाणी आणि दुपारी दोन तास छताखालचे खेळ, एवढे सांभाळले की निभते.

प्रवासाचा बेतही घाईचा नको. बडनेऱ्याहून मुंबई साडेसहाशे किलोमीटरच्या वर आहे. अमरावती एक्स्प्रेसने संध्याकाळी निघाले की पहाटे कल्याण येते; तिथून खोपोलीची लोकल आणि पुढे रिक्षा. हे ऐकायला सोपे वाटते आणि 'उतरलो की थेट उद्यानात' असा मोह होतो. तो आवरावा. रात्रभर डब्यात अर्धवट झोपलेले मूल दुपारी दोन वाजता रडू लागते आणि मग नऊ जणांचा दिवस त्या एका रडण्याभोवती फिरतो. एक मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा. परतीच्या वाटेवर शेगाव आहे. आम्ही येताना तिथे उतरतो, संस्थानच्या भक्तनिवासात राहतो, दर्शन घेतो. आईची सहल त्या दिवशी सुरू होते. मुलांचे दोन दिवस असतील तर तिचा एक असायलाच हवा.

आत गेल्यावर बहुतेक लोक दाराजवळच्या पहिल्या पाळण्यापाशी थबकतात. तुम्ही सरळ आतल्या टोकाला जा. ज्याची सर्वांत जास्त चर्चा आहे तो पाळणा पहिल्या तासात उरका. दुपारी त्याच दोन मिनिटांसाठी पाऊण-एक तास उभे राहावे लागते. जेवण साडेअकराला किंवा तीनला घ्या, एकला नको. पोटभर जेवून लगेच गरगर फिरणाऱ्या पाळण्यात बसू नका. रक्तदाब, हृदयविकार, पाठीचे दुखणे किंवा गरोदरपण असेल तर फलकावरची सूचना मुकाट्याने पाळा. तिथे धाडस दाखवण्यात पुरुषार्थ नाही. प्रत्येक मुलाच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी द्या आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, ती जागा सकाळीच दाखवून ठेवा. फोनवर विसंबू नका. पाण्याच्या उद्यानात तो पेटीत बंद असतो.

पाण्याच्या उद्यानाविषयी थोडे वेगळे सांगायला हवे. आमचा तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. विहीर खोदावी तर पाणी खारे लागते. गोड्या पाण्याची किंमत आमच्याकडे लहान मुलालाही कळते. अशा गावातली माणसे जेव्हा कंबरभर गोड्या पाण्यात लाटा अंगावर घेतात, तेव्हा त्यांना जे वाटते ते नळाच्या शहरातल्यांना सांगून समजणार नाही. माझ्या पुतणीने तर सारखे विचारले, 'काका, हे पाणी रात्री सोडून देते काय?' ते गाळून, औषध घालून पुन्हा वापरतात, हे सांगितल्यावर तिला बरे वाटले.

गंमत अशी की, या कपाशीच्या मुलखातून गेलेल्या माणसाला तिथे सुती कपडा चालत नाही. सुती कापड पाणी पिऊन जड होते आणि त्याचे तंतू सुटून गाळणीत अडकतात, म्हणून नायलॉनचाच पोशाख लागतो. दारावर भाड्याने मिळतो, पण नऊ जणांचे भाडे बरेच होते. अमरावतीच्या बाजारात आधीच घ्यावा. बायकांसाठी पूर्ण बाह्यांचे, पायघोळ पोशाखही मिळतात. ही गोष्ट घरातल्या पुरुषांनी आधी विचारून, मोकळेपणाने बोलून घ्यावी. नाही तर बायका सामान सांभाळत काठावर बसतात आणि 'आम्हाला नाही आवडत' असे म्हणतात. आमच्या वहिनी पहिल्या वेळी असेच म्हणाल्या होत्या. दुसऱ्या वेळी माझ्या बायकोने दोघींचे पोशाख आधीच आणून ठेवले. सामान आम्ही भावांनी पाळीपाळीने सांभाळले. वहिनी अडीच तास पाण्याबाहेर आल्या नाहीत. संध्याकाळी म्हणाल्या, 'लग्न झाल्यापासून पहिला दिवस, की मी कोणाले जेवाले वाढू काय म्हणून इचारलं नाही.' आम्ही दोघे भाऊ काही बोललो नाही. घरातल्या सगळ्यांची सुट्टी म्हणताना आपण नेमकी कोणाची सुट्टी धरत असतो, याचा विचार प्रत्येक घराने करण्यासारखा आहे. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, याबद्दल लोक कुरकुर करतात. पण त्या एका दिवशी डबा बांधायचा नाही, हाही त्याचा एक अर्थ आहे. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी ही शिदोरी गाडीपुरती ठेवा; उद्यानात शिरण्यापूर्वी भरपूर न्याहारी करा. तान्ह्या बाळाचे खाणे आणि औषधे नेता येतात का, एवढे आधी विचारून घ्या.

शेवटी पैशाविषयी. प्रवेशाचे तिकीट म्हणजे खर्च नव्हे, ती खर्चाची सुरुवात आहे. गाडीभाडे, मुक्काम, रिक्षा, दोन वेळचे जेवण, सामानाच्या पेटीचे भाडे आणि अनामत, पोशाख, निघतानाच्या दुकानातले खेळणे, हे सारे वेगवेगळ्या ओळींवर लिहा आणि बेरजेवर थोडे वरचे धरा. दर तारखेप्रमाणे बदलतात, म्हणून आठवड्यातले दोन-तीन दिवस ताडून पाहा. खेळण्यासाठी प्रत्येक मुलाच्या हाती ठराविक रक्कम द्या आणि ती त्याची त्याला खर्चू द्या. दुकानातला हट्ट निम्म्याने कमी होतो.

आणि हे पैसे कुठून यावेत? आमच्या तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. गाडगेबाबांनी तिथे घाट बांधला. कीर्तनातून ते माणसांना बजावत राहिले की, कर्ज काढून सण करू नका. गावाचे नाव ऋणमोचन आणि शिकवणही तीच. लग्न-तेराव्याला लागू असलेली ही शिकवण सहलीलाही लागू आहे. शेजारचे गेले म्हणून, किंवा पोराने वर्गात तोंड वर करून सांगावे म्हणून, बचत गटाचे कर्ज सहलीकडे वळवणारी घरे मी पाहिली आहेत. पीककर्जाचा पहिला हप्ता ज्याने पाळण्यावर उडवला, त्याला बियाण्याच्या दुकानात उधारी मागावी लागते. आमच्या घरी दोघी जावा मिळून वर्षभर भिशी टाकतात, कापसाचा चुकारा आला की त्यातून ठरलेली रक्कम बाजूला निघते, आणि ज्या वर्षी ती निघत नाही त्या वर्षी आम्ही चिखलदऱ्याला जातो. मुलांना तसे स्पष्ट सांगतो. बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षी मोठ्या मुलाने स्वतःहूनच विषय काढला नाही. मला त्याचे कौतुक वाटले आणि थोडे वाईटही वाटले.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. सहलीहून परतल्यावर मुलांच्या गप्पा महिनाभर पुराव्यात, आईला दर्शनाचे समाधान असावे, घरातल्या बायकांचे पाय दुखण्याऐवजी हलके झालेले असावेत, आणि मृगाच्या तोंडावर सोसायटीच्या सचिवासमोर मान वर करून उभे राहता यावे. या चारांपैकी एकही साधणार नसेल, तर तारीख पुढे ढकलावी. उद्यान कुठे पळून जात नाही आणि मुलांची उंची तेवढीच वाढलेली असते.