रस्ता खोदायचा तर परवानगी कोणाची?

नळजोडणी असो, गॅसची वाहिनी असो की इंटरनेटची केबल, मुंबईत सार्वजनिक रस्ता किंवा पदपथ खोदायचा तर महापालिकेची परवानगी लागतेच. सोसायटीच्या फाटकाबाहेरची जागा सोसायटीची नसते.

अर्जासोबत चर कुठून कुठे जाणार, त्याची लांबी-रुंदी किती आणि काम किती दिवस चालणार हे नकाशासह द्यावे लागते. रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च पालिका आधीच भरून घेते. डांबरी रस्ता, सिमेंट काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांचे दर वेगवेगळे असतात. वाहतुकीला अडथळा होणार असेल तर वाहतूक पोलिसांचे ना हरकत पत्रही घ्यावे लागते. पावसाळ्यात तातडीची कामे सोडली तर खोदाई बंद असते. म्हणून अर्ज दिवाळीच्या सुमारासच करून टाकलेला बरा.

परवानगी मिळाली म्हणजे कुदळ मारायला मोकळे, असे नाही. खाली जलवाहिनी, वीज आणि टेलिफोनच्या तारा असतात. त्यांच्या मालक संस्थांना आगाऊ कळवता यावे म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केले. कामाच्या जागी बॅरिकेड, रात्री दिसतील असे दिवे आणि कंत्राटदाराचे नाव व कामाची मुदत सांगणारा फलक हवा. तो फलक नसेल, तर परवानगीचा कागद दाखवा म्हणून खुशाल विचारावे.